सुगीतला आगमनकाळ

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू होतो तो नेमका सुगीच्या धांदलीत. उपवास जमत नाही, एखाद्या रविवारची मिस्साही (चर्चमधील सामूहिक उपासना) चुकते. बेळगावात कॅम्पमधील नातेवाइकांकडे मात्र हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत प्रार्थना होते. आमचा आगमनकाळ वायाच जातो, असे समजावे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, उपवासाची खंत आधी मनातून काढून टाका. जांभळी वस्त्रे आणि मिस्सामध्ये वगळलेले गौरवगीत (ग्लोरिया) यांमुळे आगमनकाळ म्हणजे धाकटा प्रायश्चित्तकाळ (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ), अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. परंतु प्रायश्चित्तकाळात थांबणारा ‘आलेलुया’ हा जयघोष या चार आठवड्यांत चालूच राहतो आणि उपवासाचे बंधनही नसते. मेणबत्त्यांचे चक्र ही तर १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकांनी, आश्रमातील मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून, सुरू केलेली प्रथा आहे. ती सुंदर आहे, पण तिच्यावाचून काही अडत नाही. मिस्साचे तसे नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, तेव्हा मळणी यंत्र रविवारीच मिळणार असेल तर जवळच्या चर्चमध्ये आदल्या संध्याकाळची सोय आहे का, हे विचारून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर बाळ येशूच्या जन्मापेक्षा प्रभूच्या पुनरागमनावर असतो, आणि ती वाट कशी पाहावी हे सांगताना बायबलमधील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय शेतकऱ्याकडेच बोट दाखवतो : पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत तो भूमीच्या मोलवान पिकासाठी धीर धरतो. तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, हा उतारा चर्चमध्ये वाचला जातो. मात्र तो सातव्या वचनापासून सुरू होतो. त्याच अध्यायाचे चौथे वचन तुम्ही घरी अवश्य वाचा; ज्यांनी शेताची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे, असे तिथे म्हटले आहे. कापणीला येणाऱ्या बायकांना ‘भाताचा पैसा हातात येऊ दे, मग हिशेब करू’ हे उत्तर आपल्या भागात नवे नाही. तुमच्या घरी तसे होत असेल असे मी म्हणत नाही; पण नाताळच्या करंज्यांसाठी रवा-खोबरे आणण्याआधी त्यांची मजुरी चुकती झाली, तर ती तुमच्या आगमनकाळाची साधनाच आहे, आणि माझ्या मते उपवासापेक्षा ती अधिक खडतर आहे.

रात्री खळ्यावरून परतल्यावर लांब प्रार्थना होत नसेल, तर लूकचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे अध्याय २४ आहेत, म्हणजे १ डिसेंबरपासून रोज एक वाचल्यास नाताळच्या आदल्या रात्री ते पुरे होते. कन्नड माध्यमात शिकणारे मूल मराठी वाचताना अडखळले तरी त्यालाच वाचू द्यावे. पहिला अध्याय तेवढा ८० वचनांचा असल्याने घरातल्या मोठ्यांनी वाचावा.