रोग पसरवणारे वन्यप्राणी मारून टाकले तर साथ थांबेल का?

बहुतेक वेळा नाही. ज्यांच्यामुळे रोग येतो ते प्राणीच संपवले तर गुरं आणि माणसं दोन्ही वाचतील, असं तुम्हाला वाटतं. ते साहजिक आहे. मी पशुवैद्यक आहे, मलाही शिकत असताना तसंच वाटायचं. पण हा उपाय करून झालाय आणि अंगाशीही आलाय.

इंग्लंडमध्ये बॅजर या रानटी प्राण्यापासून गाईंना क्षय होतो. १९९८ पासून तिथे काही भाग ठरवून बॅजर मारून पाहिले. त्या भागांत गाईंमधला क्षय थोडा उतरला, पण लगतच्या कळपांत वाढला! बॅजर कुटुंबकबिल्याने आपली हद्द धरून राहतात. कुटुंब मोडलं की उरलेले दूरवर भटकू लागतात, आणि रोगही त्यांच्यासोबत जातो.

युरोपातल्या खोकडांचंही तेच. वर्षानुवर्षं त्यांना मारूनही रेबीज हटला नाही, कारण रिकाम्या जागेत नवी खोकडं येत राहिली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबडीच्या मुंडक्यांत लस ठेवून ती रानात टाकली. खोकडांनी ती खाल्ली. पुढे आमिषं बदलली, पण याच वाटेने पश्चिम युरोपातला खोकडांचा रेबीज जवळपास संपला. लस मिळालेलं खोकड जिवंत राहून जागा अडवतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणूची साथ आली तेव्हा तो विषाणू बाळगणारी वटवाघळं काही नवी नव्हती. डुकरांच्या वाड्यांलगत फळझाडं होती, वटवाघळांची उष्टी फळं खाली पडत होती. डुकरांना लागण झाली, त्यांच्यापासून पाळणाऱ्यांना. आधी हा जपानी मेंदूज्वर समजून लोक डासांच्या मागे लागले. शेवटी शंभरावर माणसं गेली आणि सुमारे १० लाख डुकरं मारावी लागली. झाड आणि वाडा यांत अंतर ठेवलं असतं, तर हे टळण्याची शक्यता खूप वाढली असती.

म्हणून मी लक्ष मधल्या दुव्यावर, म्हणजे पाळीव जनावरांवर ठेवतो: त्यांचं लसीकरण, त्यांचं खाणंपाणी रानप्राण्यांच्या विष्ठेपासून आणि उष्ट्यापासून दूर. आणि सगळ्यात आधी मोबदला. आजारी जनावर मारावं लागलं तर पैसे मिळतील याची खात्री नसेल, तर पाळणारा ते रातोरात विकून टाकतो. मग रोग कुठे गेला हे कळतं, तेव्हा माणसं दवाखान्यात दाखल झालेली असतात.