शांत पाण्यातही स्पीडबोटीतून माणसं बाहेर कशी फेकली जातात? आणि बोट चालवताना आधी काय शिकावं?

तुमचा प्रश्न असा आहे की पाणी शांत, समोर खडक नाही, दुसरी बोट नाही, तरीही वेगातल्या बोटीतून माणसं बाहेर कशी पडतात. आणि शिकताना सुरुवात कशापासून करावी. मी नवशिक्यांना छोट्या स्पीडबोटी चालवायला शिकवतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी किल कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी), मग थ्रॉटलवरचा, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा हात, सुकाणू त्यानंतर.

हळू चालणारी बोट पाणी कापत जाते. वेग वाढला की ती पाण्यावर चढते आणि तळावर घसरत धावू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. तेव्हा पाण्याला टेकलेला असतो तो फक्त मागचा थोडा भाग. पुढचं टोक हवेत असतं. म्हणूनच बोट हलकी आणि चपळ वाटते. आता याच वेगात तुम्ही जोरात वळण घेतलंत, बोट कलली आणि घाबरून थ्रॉटल एकदम मागे ओढलात, तर काय होतं? पुढचं टोक धाडकन खाली येतं, त्याची धार पाण्यात रुतते आणि मागची बाजू गर्रकन फिरते. बोटीची दिशा एका क्षणात बदलते, वेगही जवळजवळ संपतो. आतली माणसं मात्र आधीच्याच दिशेनं, आधीच्याच वेगानं जात राहतात आणि कडेवरून बाहेर फेकली जातात. याला बोटवाले ‘हूक होणं’ म्हणतात. यात बोट उलटतेच असं नाही. बऱ्याचदा ती सरळच राहते, फक्त आत कोणी उरलेलं नसतं.

खरा धोका तिथून पुढे सुरू होतो. इंजिन चालूच असेल आणि सुकाणू धरायला कोणी नसेल, तर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याच्या जोरामुळे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते. ते वर्तुळ माणसं पडली त्याच जागेभोवती असतं. मे 2013 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळच्या कॅमल नदीच्या मुखाशी हेच घडलं. जोरात वळताना एका कुटुंबातले सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड चालवणाऱ्याला जोडलेली नव्हती. रिकामी बोट त्यांच्याच अंगावर येत राहिली; दोघांचा जीव गेला, इतर जखमी झाले. शेवटी एका माणसाने दुसऱ्या बोटीतून तिच्यावर उडी मारली आणि ती थांबवली. कॉर्ड जोडलेली असती तर चालवणारा बाहेर पडताक्षणी इंजिन बंद पडलं असतं. ही घटना मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो आणि सांगताना दर वेळी अस्वस्थ होतो.

किल कॉर्ड म्हणजे लाल रंगाची, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दोरी. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं तुमच्या शरीराला. ती मांडीभोवती, गुडघ्याच्या वर घ्या आणि क्लिप दोरीलाच परत अडकवा. मनगटाला लावली तर सुकाणू फिरवताना अडकते किंवा नको तेव्हा निसटते. लाइफ जॅकेटच्या पट्ट्यालाही नको, कारण पट्टा सैल असला तर दोरी वेळेवर ओढली जात नाही. निघण्यापूर्वी इंजिन चालू करून कॉर्ड एकदा ओढून पाहा. इंजिन बंद पडलंच पाहिजे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: चालवणारा कॉर्डसकट पाण्यात पडला, तर बोटीवर उरलेल्यांना इंजिन पुन्हा कसं चालू करायचं? त्यासाठी दुसरी कॉर्ड बोटीवर हवी आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटरबोटींवर ही व्यवस्था असेल तर प्लेनिंगच्या वेगात ती वापरणं कायद्यानंच बंधनकारक आहे. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, सवय तीच ठेवा.

आता थ्रॉटल. बोटीला ब्रेक नसतो. आउटबोर्ड बोट वळते ती पंख्याच्या रेट्यामुळे, म्हणजे थ्रॉटल सोडला की वळण्याची ताकदही जाते. नवशिका माणूस समोर काही दिसलं की थ्रॉटल सोडतो आणि सुकाणू फिरवत बसतो; बोट सरळच जात राहते. म्हणून वेग वळणाच्या आधी, हळूहळू कमी करायचा आणि वळणात थोडा रेटा कायम ठेवायचा. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा आत-बाहेर कलही महत्त्वाचा आहे. इंजिन फार आत घेतलं तर पुढचं टोक दबतं आणि हूक होण्याचा धोका वाढतो, फार बाहेर काढलं तर बोट उड्या मारू लागते. अतिवेगात पुढचं टोक वर उचललं गेलं आणि खाली हवा शिरली की काय होतं, ते 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटर या तलावावर दिसलं. वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड ही बोट ताशी 480 किलोमीटरच्या आसपास असताना उचलली गेली, हवेत कोलांटी घेऊन पाण्यावर आदळली आणि त्याचा जीव गेला.

दुसऱ्या बोटीने मागे सोडलेल्या लाटा कमी लेखू नका. फॉर्म्युला वनचा माजी ड्रायव्हर दिदिए पिरोनी याची बोट 1987 मध्ये पॉवरबोटच्या शर्यतीत एका टँकर जहाजाच्या लाटेवर उलटली; त्याचा आणि सोबतच्या दोघांचाही जीव गेला. अशी लाट दिसली की वेग उतरवा, तिरकी घ्या आणि आतल्यांना आधी ओरडून सांगा. माणसांना, विशेषतः वयस्करांना, पुढच्या टोकाकडे बसवू नका. तिथे दणका सगळ्यात मोठा बसतो आणि बोट लाटेवरून आदळली की कण्याचे मणके दबून मोडू शकतात.

लाइफ जॅकेट निघतानाच अंगात हवं, बाकाखाली नको. फोन खिशात ठेवा: 30 नॉट (ताशी सुमारे 55 किलोमीटर) वेगात तीन सेकंद मान खाली गेली की बोट सुमारे 45 मीटर पुढे गेलेली असते.

कोणी पडलंच, तर एकाने नजर न हलवता हाताने त्याच्या दिशेनं खूण करत राहायचं. चालवणाऱ्याने वेग उतरवून लांबून वळसा घ्यायचा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं हळू जवळ जायचं आणि माणूस बाजूला आला की इंजिन पूर्ण बंद करायचं. नुसतं न्यूट्रलवर भागत नाही, पंखा फिरत राहू शकतो. हा सराव पाण्यात एखादा फुगा टाकून पहिल्याच दिवशी करा, आणि शेजारी बसणाऱ्यालाही करायला लावा.