शंभरच्या बल्बला तेराशे वॅट कसे आले?

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर असं दिलंय. तिला करून दाखवावं म्हणून घरातला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब काढून मल्टिमीटरला लावला तर ४० ओहम आले. आता २३० व्होल्ट भागिले ४० करून करंट काढला आणि पुन्हा २३० ने गुणलं, म्हणजे २३० चा वर्ग भागिले ४० केलं, की १३०० वॅटच्या वर जातंय! मीटर नवाकोरा आहे, बिघडला का? दुसरं, आमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब आहे, गिझर २००० वॅटचा पण १५ लिटर पाणी तापायला फार वेळ घेतो. गिझर बंद असताना बोर्डावर २१५ व्होल्ट दिसतात, चालू केला की त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटला १९०. मग बिल तरी कमी यायला नको का? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मीटर अजिबात बिघडलेला नाही, उलट चांगला दिसतोय. तुम्ही ओहम मोजलेत गार बल्बचे आणि व्होल्ट धरलेत पेटलेल्या बल्बचे, तिथे गडबड झाली. बल्बमधली तार टंगस्टनची, पेटली की अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो, इथे तर तो तेरापट वाढतो. उलट्या बाजूने करून बघा : १०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ०.४३५ अँपिअर, आणि २३० भागिले ०.४३५ म्हणजे ५२९ ओहम. हा पेटलेल्या बल्बचा रोध. तुमचे १३०० वॅटही अगदीच खोटे नाहीत हां, बटण दाबल्या दाबल्या तार अजून गार असते तेव्हा क्षणभर पावणेसहा अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, म्हणून तर हे बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडायचे. मुलीला हेच दाखवा, पुस्तकातल्या गणितापेक्षा जास्त लक्षात राहील.

गिझरची कॉइल मात्र नायक्रोमची असते, गार काय नि गरम काय, तिच्या रोधात फार तर थोड्या टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे हिशेब सरळ बसतो. २००० भागिले २३० = ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ = साधारण २६.४ ओहम. प्लग काढून, गिझरचं बटण चालू ठेवून, पाणी गार असताना (नाहीतर थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असेल आणि मीटर काहीच दाखवणार नाही) प्लगच्या दोन बारक्या पिनांवर मोजलंत तर साधारण हाच आकडा यायला पाहिजे.

आता १९० व्होल्टला काय होतं? कॉइल तीच, म्हणून १९० भागिले २६.४ = ७.२ अँपिअर, आणि १९० गुणिले ७.२ = १३६८ वॅट. व्होल्टेज १७ टक्के पडलं पण पॉवर ३२ टक्के पडली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही पडला आणि आपण दोघांचा गुणाकार करतोय. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटला १८ मिनिटं लागतात, तुमच्याकडे २७. बिल कमी होत नाही ते यामुळेच, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, दोन्हीकडे ०.६१ युनिटच्या आसपास. उलट जास्त वेळ तापत राहिल्यामुळे टाकीतून बाहेर जाणारी उष्णता किंचित वाढतेच.

पण मला खरी काळजी वाटतेय ती तुमच्या २१५ आणि १९० ची. हे मधले २५ व्होल्ट गेले कुठे? वायरमध्ये. २५ भागिले ७.२ म्हणजे साडेतीन ओहम रोध डीपीपासून बोर्डापर्यंत कुठेतरी बसलाय आणि २५ गुणिले ७.२ म्हणजे १८० वॅट तिथे तापण्यात चाललेत. लांबलचक वायरभर पसरून तापत असतील तर फक्त वाया जातात, पण तेवढे वॅट एखाद्या ढिल्या जॉइंटमध्ये एका जागी तापत असतील तर प्लास्टिक वितळतं, मग आग लागायला वेळ लागत नाही. वायरमनला गिझर चालू ठेवून घरच्या मीटरपाशी व्होल्टेज बघायला सांगा. तिथेही १९० च्या आसपास असेल तर लाइन लांब पडतेय, तक्रार वीज कंपनीकडे करायची. तिथे २१० असेल तर दोष तुमच्या घरात, आणि त्या १८० वॅटचं बहुतेक बिल तुम्हीच भरताय. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट हाताला गरम लागतो का, हेही बघून घ्या, अर्थात मेन स्विच बंद करून.

करंट मोजायचा तर क्लॅम्प मीटर घ्या आणि तो फक्त फेजच्या एका वायरभोवती लावा, पूर्ण केबलभोवती लावला की येणारा-जाणारा करंट एकमेकांना खाऊन शून्य दिसतो आणि लोक मीटरला शिव्या घालतात. साध्या मल्टिमीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून सॉकेटमध्ये कधीही घालू नका, तो सरळ शॉर्ट होतो.

आणि हो, हे गणित पाण्याच्या मोटरला लावू नका. मोटरच्या गुंडाळीचे ओहम फार कमी येतात, त्यावरून करंट काढला तर भलताच आकडा मिळेल, कारण फिरणारी मोटर स्वतःच विरुद्ध व्होल्टेज तयार करत असते. भरीला, व्होल्टेज पडलं की गिझर कमी करंट घेतो पण लोड असलेली मोटर जास्त घेते, म्हणून कमी व्होल्टेजला गिझर नुसता सुस्त होतो आणि मोटर जळते.