उसाच्या चोथ्यापासून कमाई होते, त्यात तोडणाऱ्या बाईचा वाटा किती?

टाकाऊ जैविक मालापासून उत्पन्न काढणाऱ्या उद्योगात सामाजिक शाश्वतता आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. माझे आईवडील बीडहून ऊसतोडीला जायचे, म्हणून साखर कारखान्याचंच सांगतो.

कारखान्यात आता काही वाया जात नाही. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, बॉयलर चालतो, जास्तीची वीज विकतात, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळापासून, खत नाहीतर गॅस. चांगलंच आहे हे. पण पैसा कुणाकडे जातो ते बघा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नात ऊस उत्पादकाचा ७० टक्के वाटा धरला. तोडणाऱ्याला मात्र नुसता टनामागे दर. जानेवारी २०२४ च्या करारात तो ३४ टक्के वाढून ३६६ रुपये झाला. नवराबायको मिळून 'एक कोयता', दिवसाला दीड-दोन टन. इथेनॉल कितीही खपो, कोयत्याला त्यातलं काही येत नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं, तेही गाळलेल्या उसावर, इथेनॉल-विजेच्या कमाईवर नाही.

त्या सगळ्या पसाऱ्यातली एकच गोष्ट आईच्या हातात होती, वाढे. उसाचे शेंडे. दिवसभर मोळ्या वाहून झाल्यावर ती वाढ्याच्या पेंढ्या बांधायची आणि खोपीकडे येताना रस्त्याच्या कडेला मांडून बसायची. म्हशीवाले घेऊन जायचे. तेल-मिठाचा खर्च त्यातून निघायचा. टोळीची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, वडिलांच्या नावावर, मजुरी त्यातच वळती व्हायची. आईने तोडलेल्या उसाची तिच्या नावाने कुठेच नोंद नव्हती. पाळीच्या दिवसांत ती फडात गेली नाही तर खाडा लागायचा, म्हणून जायचीच. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ साली गाजलं आणि सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा मला आईचे ते दिवस आठवत राहिले.

म्हणून एखाद्या कारखान्याचा अहवाल हातात आला तर कार्बनचे आकडे नंतर वाचा. आधी विचारा, मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळीतली माणसं कामगार म्हणून मोजलीत का? बाईची मजुरी तिच्या खात्यावर जाते का? खोप्यांपाशी पाणी नि संडास आहे का, आणि पोरं हंगामभर शाळेत असतात का फडात? उत्तर 'ते ठेकेदाराचं काम' असं आलं, तर मी तिथेच अहवाल मिटतो.