डिन व्हॉल्व्हच्या टाकीला योकचा रेग्युलेटर बसेल का?

दादा, तुम्ही सांगलीत कृष्णेवरच्या रेस्क्यू टीमसाठी पाण्याखाली श्वास घ्यायची जुनी हवेची टाकी घेतलीय, व्हॉल्व्ह डिनचा आणि रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून श्वासाला देणारा भाग) योकचा, तर थेट नाही बसणार. योक म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून शिकंजा घालून स्क्रूने आवळायचा, आणि डिनचा रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर फिरवून बसतो.

आधी व्हॉल्व्हवर प्रेशर किती लिहिलंय बघा. २३२ बारचा असेल आणि बाहेरून योक पकडेल असा चौकोनी असेल तर आत एक इन्सर्ट (भोक भरणारा आट्यांचा तुकडा) एलन कीने बसवतात, मग योक चालतो, काम झालं. ३०० बारचा असेल तर योकचा विचारच सोडा, त्याचं भोक मुद्दाम खोल असतं, म्हणून २०० बारचा (२३२ च्या व्हॉल्व्हला बसणारा) डिन रेग्युलेटर त्यात नीट टेकत नाही, रबरी ओ-रिंग सील होत नाही. उलट ३०० बारचा डिन रेग्युलेटर २३२ आणि ३०० दोन्ही व्हॉल्व्हला चालतो, म्हणून नवीन घ्यायचा तर तोच घ्या.

आणि हात जोडून सांगतो, कुपवाड एमआयडीसीत लेथवर अ‍ॅडॉप्टर करून घेऊ नका. टाकीच्या मानेचे आटेपण तपासून घ्या, पाऊण इंची आट्यांच्या टाकीत एम २५ चा (२५ मिलिमीटर आट्यांचा) व्हॉल्व्ह अर्धवट फिरतो, बसला असं वाटतं आणि भरताना गोळीसारखा उडतो, माणसं मेलीयत त्यानं. जुनी टाकी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने ताकदीची तपासणी) केल्याशिवाय भरायची नाही.