लेखन-सल्ला : अद्भुत कादंबरी आणि प्रकाशकाचे गणित

प्रश्न : स. न. वि. वि. मी शिक्षकाची नोकरी सांभाळून गेली काही वर्षे एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. सह्याद्रीसारख्या एका काल्पनिक डोंगररांगेत वसलेली सात राज्ये, त्यांची दैवते आणि लुप्त झालेल्या एका नदीचा शोध असे तिचे कथानक असून तिचे तीन खंड होणार आहेत. पहिला खंड सुमारे १,८०,००० शब्दांचा झाला आहे. पुण्या-मुंबईच्या काही प्रकाशकांकडे तो पाठवला. बहुतेकांकडून पोचही आली नाही. एकाने ‘मराठीत मोठ्या माणसांसाठी असले काही खपत नाही’ असे कळवले. दुसऱ्याने छपाईचा निम्मा खर्च मी द्यावा आणि ३०० प्रतीही मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. पैसे भरून पुस्तक काढावे का? की ही कादंबरी इंग्रजीतच लिहायला हवी होती?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पैसे भरू नयेत. ज्या प्रकाशकाचा खर्च लेखकाकडूनच वसूल होतो, त्याला पुस्तक दुकानापर्यंत पोहोचवण्याची निकड उरत नाही आणि ३०० प्रतींचे गठ्ठे आपल्या घरातल्या माळ्यावर येऊन पडतात. स्वतःच्याच पैशाने पुस्तक काढायचे असेल, तर ते उघडपणे स्वतःच्या नावाने काढावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख ठरवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, मागणीप्रमाणे थोड्या प्रती छापण्याची सोयही आता सहज उपलब्ध आहे आणि संपादक व मुद्रितशोधक यांना त्यांचे मानधन आपणच थेट देऊ शकता. मात्र तो शेवटचा पर्याय समजावा, कारण वितरण हे काम एकट्या लेखकाच्या आवाक्यातले नसते.

मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे आहे, हे आपल्याला कळवण्यात आलेले मत मला मान्य नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ साली आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली आली. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुतरम्य कथानकांचाच जोर होता. वास्तववाद तिच्यात मागाहून रुजला. पुढे नारायण धारपांनी भय आणि अद्भुत यांच्या बळावर मोठा वाचकवर्ग मिळवला. तेव्हा वाचक आहे. अडचण दुकानदाराची आणि ग्रंथपालाची आहे. ऐतिहासिक, सामाजिक, चरित्र, बालसाहित्य असे त्यांचे कप्पे ठरलेले असतात आणि प्रौढांसाठीची अद्भुत कादंबरी बालसाहित्यात तरी जाते किंवा भयकथांच्या शेजारी तरी.

त्याहून मोठी अडचण आपल्या आकड्यातच आहे. डेमी आकाराच्या, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर मराठी मजकुराचे साधारण २७५ शब्द बसतात असे धरले, तर १,८०,००० शब्दांची सुमारे ६५० पाने होतात, म्हणजे सोळा पानी ४१ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच म्हणजे फर्मा). नवोदित लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती आज हजार प्रतींची, बरेचदा त्याहूनही कमी असते. एवढ्या थोड्या प्रतींवर ४१ फर्म्यांचा कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च पडला की किंमत इतकी चढते, की अनोळखी लेखकाच्या पुस्तकाला वैयक्तिक ग्राहक हात लावत नाही. मग भिस्त उरते ती ग्रंथालयांवर. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात असली, तरी त्यांची खरेदी अनुदानाच्या मर्यादेत होते आणि ठरावीक रकमेत अधिक पुस्तके बसवण्याकडे ग्रंथपालाचा कल असतो. त्यात ‘खंड पहिला’ असे शीर्षकाखाली छापलेले असेल, तर उरलेले दोन खंड येतील की नाही, या शंकेनेच तो पुस्तक बाजूला ठेवतो. आपल्याला आलेल्या नकारांपैकी किती नकार हस्तलिखित वाचून आलेले आहेत, याबद्दल मला शंका आहे. पृष्ठसंख्या पाहूनच बरेच निर्णय होतात.

म्हणून पहिल्या खंडाची पुनर्रचना करावी, असे मी सुचवतो. तो ८०,००० ते ९०,००० शब्दांत बसावा आणि पुढचे खंड कधीच आले नाहीत तरी कथा पुरी झाल्याचे समाधान त्यातून मिळावे. सात राज्यांपैकी दोन-तीनच राज्ये प्रत्यक्ष दाखवली, तर बाकीची नुसत्या उल्लेखानेही जिवंत राहतात. अशा हस्तलिखितांची सुरुवात बहुधा सृष्टीच्या उत्पत्तीपासून, राजवंशांच्या वंशावळीपासून किंवा दहा पानी नकाशांपासून होते (नकाशे लेखकाच्या भिंतीवर अवश्य असावेत). संपादकाला मात्र पहिल्या पाच पानांत एक माणूस, त्याची एक निकड आणि त्या जगाचा एखादा विलक्षण नियम दिसायला हवा. नदी लुप्त झाल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर धुणे घेऊन जाणारी बाई कुठे जाते, हे दाखवले तर त्या जगाची ओळख आपोआप होते.

प्रकाशकाला सबंध बाड पाठवू नये. एका पानाचे पत्र, शेवटासह दोन पानांचा कथासार आणि पहिली तीन प्रकरणे पुरेशी आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा, पण सोबत पीडीएफही जोडावी, कारण छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये रूपांतर करताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतली अक्षरे हमखास तुटतात आणि मूळ शब्द काय होता हे पडताळण्यासाठी तीच उपयोगी पडते.

त्याच जगात घडणारी, पण स्वतंत्र अशी एखादी कथा दिवाळी अंकांसाठी लिहावी आणि जून-जुलैपर्यंत संपादकांकडे पोहोचेल असे पाहावे. कथा वाचायला संपादकाला अर्धा तास लागतो, कादंबरीला आठवडा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘ना. वि. जगताप’ या टोपणनावाने आणि पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नावाच्या आधाराशिवाय कथेची पारख होऊ शकते ती अशा ठिकाणी. छापून आलेल्या दोन-तीन कथांचा उल्लेख पत्रात असला, तर प्रकाशक तीन प्रकरणे वाचायला अधिक राजी होतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आपल्यासारख्यांसाठीच आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि अटी नीट वाचाव्यात.

इंग्रजीबद्दल एवढेच, की तिथे बाजार मोठा असला तरी नकारही त्याच प्रमाणात येतात. आपली दैवते आणि त्यांचे गाऱ्हाणे ज्या भाषेत सुचले, त्या भाषेत ते लिहून झाले आहे. ते आता इंग्रजीत उलटवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : हस्तलिखित पाठवल्यास कल्पना चोरली जाण्याची भीती वाटते. आधी कॉपीराइटची नोंदणी करावी का? करारात काय पाहावे?
— एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन होताच हक्क निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे, मात्र वादाच्या प्रसंगी पुरावा म्हणून ती कामी येते. कायद्याचे संरक्षण नुसत्या कल्पनेला नसून प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुराला असते, म्हणून पाठवल्याच्या तारखेचा ई-मेल जपून ठेवावा. करार लेखीच हवा. हक्क किती काळासाठी दिले हे त्यात लिहिले नसेल तर ती मुदत पाच वर्षे धरली जाते, आणि एरवी काही ठरले नसेल तर एका वर्षात वापर न झालेले हक्क लेखकाकडे परत येतात. मानधन छापील किमतीवर आहे की प्रत्यक्ष वसुलीवर, हे स्पष्ट करून घ्यावे, कारण वितरकाची सवलत वजा झाल्यावर टक्केवारी तीच राहिली तरी रक्कम बरीच घटते. ई-बुक, ऑडिओबुक, भाषांतर आणि चित्रपट-मालिका यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या एका शब्दप्रयोगात जाऊ देऊ नयेत. प्रत्येकासाठी वेगळे कलम मागावे आणि प्रकाशक ज्यांचा वापर करणार नसेल, ते स्वतःकडेच ठेवावेत.