माळ्यावर सापडलेली १९८५ ची टामिया हॉटशॉट ही रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी पुन्हा धावेल का? सुरुवात कुठून करू?

धावेल. तुम्ही लिहिलंय की गाडी काकांची आहे, बॅटरी इतकी वर्षं आतच राहिली, चाकं जड फिरतात, पुढचा एक आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) तुटलाय आणि जुना रिमोट सोबत आहे. यातलं काहीच जीवघेणं नाही. फक्त चार्जर लावून ‘बघू तरी चालते का’ हा मोह आवरा. या कामात वीज सगळ्यात शेवटी येते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत मोटरपासून चारही चाकांपर्यंत दातांची आणि शाफ्टांची लांबलचक साखळी असते. ती आतून कुठेतरी अडकलेली असताना मोटरला झटका दिला, तर जे चाळीस वर्षं टिकलं ते दोन सेकंदांत जातं.

आधी ती बॅटरी बाहेर काढा. ७.२ व्होल्टचा निकेल-कॅडमियम पॅक असणार, १.२ व्होल्टचे सहा सेल. त्याला जीवदान द्यायच्या भानगडीत पडू नका. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. सेलच्या टोकांना पांढरी-हिरवट पूड दिसली तर हातमोजे घाला. ती अल्कलीची गळती असते. कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावायचं, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. वायरचं आवरणही थोडं सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर त्यावर सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, नाहीतर सरळ बदला.

आता मुख्य निर्णय. गाडी चालवायची आहे की कपाटात मांडायची आहे? दोन्ही म्हणाल तर कुठलंच धड होत नाही, असं माझं मत आहे. मांडायची असेल तर मूळ रंग, मूळ स्टिकर, अगदी ओरखडेसुद्धा जपा. चालवायची असेल तर बेअरिंग, रिमोट, स्पीड कंट्रोलर बिनधास्त नवे घाला, पण काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डबीत ठेवा आणि मूळ चेसिसला नवं भोक पाडू नका. काकांची गाडी आहे म्हणून मी तरी चालवण्याच्या बाजूने आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. हॉटशॉट ही टामियाची पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी, आणि कंपनीने ती २००७ मध्ये पुन्हा बाजारात आणली. तिच्याच घराण्यातली बूमरँग २००८ मध्ये आली, नंतर सुपर हॉटशॉटही आली. त्यामुळे आर्म, गिअर, बंपर असे बरेच भाग नव्या किटच्या साच्यातले मिळतात आणि जुन्या गाडीला बसतात. सगळेच बसतात असं मात्र नाही, म्हणून मागवण्याआधी दोन्ही मॅन्युअलमधली सुट्या भागांची चित्रं शेजारी ठेवून ताडून बघा. तुटलेला आर्म चिकटवत बसू नका, बदला. आणि त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमचा आर्म घ्यायचा मोह झाला तरी घेऊ नका. प्लास्टिकचा आर्म धडक स्वतः खातो. ॲल्युमिनियमचा वाकत नाही, मग तोच धक्का गिअरबॉक्सच्या खोक्यापर्यंत जातो, आणि ते फुटलं की खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाढतात.

खोलायला बसण्याआधी योग्य स्क्रू ड्रायव्हर घ्या. जपानी किटमधले फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि फुली गोल होते. हॉटशॉटच्या गिअरपर्यंत पोचायला जवळपास अख्खी गाडी उकलावी लागते, त्यामुळे तिसऱ्याच स्क्रूला डोकं गोल झालं तर काय होईल याची कल्पना करा. ई-क्लिप (दांड्यावर बसणारी इंग्रजी E च्या आकाराची छोटी क्लिप) काढताना तो भाग आणि दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घाला. उडालेली क्लिप मग पिशवीतच राहते. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवा.

परत जोडतानाची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती हमखास राहते. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. स्क्रू भोकात ठेवून आधी हलकेच उलटा फिरवा. एका ठिकाणी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो. तिथून सुलटा आवळलात की तो जुन्याच आट्यात जातो. तसं न करता दाबून फिरवला तर दर वेळी नवे आटे पडतात, आणि काही वेळा उघडझाप झाली की भोक सैल.

गिअरबॉक्स उघडण्याआधी एक तपासणी करा. गाडी उचलून मागचं एक चाक हाताने फिरवा. शेजारचं चाक उलट्या दिशेला फिरलं तर डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) मोकळं आहे. दोन्ही एकाच दिशेला फिरत असतील तर ते आतून धरलंय. पुढच्या जोडीचंही हेच करा. मग मोटर काढून मागची दोन्ही चाकं एकदम पुढे फिरवा. पुढची चाकंही फिरली पाहिजेत. नाही फिरली तर मधला प्रोपेलर शाफ्ट किंवा त्याच्या टोकाचा जोड सुटलाय. तुमच्या गाडीत चाकं फिरतात पण जड फिरतात, तेव्हा दोष बहुधा ग्रीसचा आणि बुशांचा, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतात त्या साध्या कड्यांचा.

खोकं उघडलंत की कळेलच. ते पांढरं ग्रीस आता पिवळट-तपकिरी झालेलं असेल, शिळ्या काकवीसारखं चिकट, आणि दातांच्या बुडाशी वाळू अडकलेली. ही वाळूच खरी वैरी, ग्रीसमध्ये मिसळून ती दात झिजवत राहते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढं प्लास्टिकला पुरतं. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग एकेक गिअर उजेडात धरून दाताची कड बघा. चांगल्या दाताचा माथा सपाट असतो, झिजलेला टोकदार होतो. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, खास बघा. किटमधली पिनियनं बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असायची आणि ती लवकर झिजतात. त्याच दातांची, त्याच मापाची स्टीलची घ्या.

जुने प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश काढून बॉल बेअरिंग घालणं हा या सगळ्या कामातला सर्वांत फायद्याचा बदल. बहुतेक जागी आतला व्यास ५ मिमी, बाहेरचा ११ मिमी आणि जाडी ४ मिमी हे माप लागतं, तरी कॅलिपरने मोजूनच मागवा. दातांना ग्रीस पातळ थरातच लावा. खोकं ग्रीसने भरून टाकलं की मोटरची अर्धी ताकद ते घुसळण्यातच जाते.

(तुमच्या शेजारी कोणाकडे त्याच काळातली दुसरी बग्गी असेल तर तिला हे जसंच्या तसं लागू पडणार नाही. क्योशोची १९८५ ची ऑप्टिमा साखळीवर चालते, शूमाकरची कॅट पट्ट्यावर. साखळी ताणली जाते, पट्ट्याचे दात तडकतात, तपासायच्या जागा वेगळ्या.)

प्लास्टिकबद्दल. नायलॉन हवेतली ओल धरून ठेवतं आणि त्यामुळेच चिवट राहतं. वर्षानुवर्षं कोरड्या माळ्यावर पडून ते ठिसूळ होतं. असे भाग गरम पाण्यात काही वेळ ठेवले की लवचीकपणा बराचसा परत येतो. पण हा उपाय फक्त नायलॉनला. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा भाग उकळत्या पाण्यात टाकलात तर वाकडा होऊन बाहेर येईल. नायलॉन जरा मेणचट लागतं आणि त्याला साधा गोंद धरत नाही. ओळख पटत नसेल तर पाण्यात घालूच नका. स्क्रू सुटू नये म्हणून लावतात तो थ्रेडलॉक फक्त धातूवर धातू असेल तिथेच लावा. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात.

डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या, सोपे आहेत. ओ-रिंग नव्या, सिलिकॉन तेल नवं, दट्ट्या हळूहळू वर-खाली करून बुडबुडे जाऊ द्यायचे, मग झाकण. हॉटशॉटमध्ये मोनोशॉकची रचना आहे, प्रत्येक चाकाला वेगळा डॅम्पर नाही, पुढे एक आणि मागे एक. तेव्हा एक गळला तरी गाडीचा तो सगळा पुढचा किंवा मागचा भाग उड्या मारतो.

आता वीज. त्या काळचा स्पीड कंट्रोलर यांत्रिक असतो. एक सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने दांडी फिरवणारी छोटी मोटर) पितळी पत्त्यांवरून एक हात सरकवतो, आणि कमी वेगाला उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाते. म्हणून तो रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. साफ करून तो चालतोही. पण चालवायच्या गाडीत मी तो ठेवणार नाही, आणि कारण सुरक्षेचं आहे. सिग्नल तुटला तर सर्व्हो असेल तिथे थांबतो. पूर्ण वेगावर असताना थांबला तर गाडी कशावर तरी आदळेपर्यंत पूर्ण वेगातच जाते. ब्रश मोटरचा साधा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट घ्या, आणि सिग्नल गेला की मोटर बंद होईल अशी फेलसेफची सेटिंग करा. जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोट क्रिस्टलसकट जपून ठेवा. जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला लावणार असाल तर पिनांचा क्रम आधी तपासा. काही जुन्या सर्व्होंमध्ये तो वेगळा असतो आणि उलटा लागला तर सर्व्हो जळतो.

मोटर ५४० आकाराची साधी ब्रशवालीच ठेवा. सध्याची मोटर फिरत असेल तर बुशांवर तेलाचा एकेक थेंब द्या आणि ३ व्होल्टवर काही मिनिटं मोकळी फिरवा. टर्मिनलवरचे छोटे कपॅसिटर तुटले असतील तर नवे लावा, ते रेडिओतली खरखर दाबतात. ब्रशलेस मोटर लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. हे गिअर त्या ताकदीसाठी बनलेलेच नाहीत.

बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची घ्या. लिथियम पॉलिमर हवीच असेल तर दोन सेलची घ्या. ती पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते, आणि कंट्रोलरमध्ये दर सेलला ३ व्होल्टच्या खाली न जाणारा कटऑफ असायलाच हवा. जुन्या चेसिसमधली जागा गोल सेलसाठी असते, चौकोनी कडांची बॅटरी तिथे बसत नाही. त्यासाठी चेसिस कापणारे लोक पाहिलेत. गोल कडांच्या बॅटऱ्या मिळतात, त्या घ्या.

बॉडी पॉलिकार्बोनेटची, रंग आतून दिलेला. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही तिच्याजवळ आणू नका. साबणपाणी बास. तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, तडा पुढे सरकत नाही. मग आतून जाळीची पट्टी लवचीक गोंदाने लावा. (भोक पाडू नका म्हणालो होतो ते चेसिसबद्दल.) टायर कडक होऊन चिरले असतील तर चारही बदला, पण पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासाचं नातं मुळात होतं तेच ठेवा. या गाडीत मधलं डिफरन्शिअल नाही. व्यासात फरक पडला की पुढचे आणि मागचे गिअर एकमेकांशी सतत भांडत राहतात.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा मऊ मातीवर, अर्ध्या वेगाने, दोन-तीन मिनिटंच चालवा आणि मोटरला हात लावा. बोट ठेवता येत नसेल तर कुठेतरी अजून घासतंय, किंवा पिनियन आणि मोठ्या गिअरमध्ये फट उरलेली नाही. मग चाकांचे नट आणि आर्मचे स्क्रू बघा, पहिल्या फेरीत ते सैल होतातच. गिअरबॉक्स उघडल्यावर दातांचे फोटो इथे टाका, कुठले ठेवायचे आणि कुठले बदलायचे ते बघून सांगतो.